तराफ्यावरची मागची जागा

मंडळी, बसा. बायांनो, तुम्हीपण मंडपात या, तिकडे उन्हात नका थांबू. सरपंचांनी आत्ता सांगितलं की काकू दोन शब्द बोलतील. दोन शब्दांत माझं व्हायचं नाही, ते आधीच सांगून ठेवते. आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडे होतं आणि ऐकायचं ह्यांच्याकडे. ऐकणारा गेला. आज तेवढं तुम्ही ऐकून घ्या.

काल तेरावं झालं. आज तुम्ही सगळे कामं टाकून आलात. लासलगावला लिलाव चालू आहेत, तरी कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्याला लावून आलात. मी बघितलं. मारुतीच्या पायरीवर जागा उरली नाही इतकी माणसं आली. ह्यांना केवढं बरं वाटलं असतं. आणि खरं सांगू का, थोडं हसूही आलं असतं.

घरचं माणूस गेल्यावर बाईनं माईक हातात घ्यायची आपल्याकडे रीत नाही. तिनं आत बसायचं, डोळे पुसायचे. मी डोळे पुसून आलेय. सकाळपासून तेच केलं. पण आज मला बोललंच पाहिजे, कारण ही सभा संपली की तुम्ही एक गोष्ट करणार आहात, आणि ती करायच्या आधी मला तुम्हाला थांबवायचं आहे. कोणती गोष्ट, ते सांगते. जरा दमानं घ्या.

मी पण आज अण्णाच म्हणते त्यांना, तुम्ही म्हणायचात तसं. नाव घ्यायची सवय नाही. नाव मी लग्नात घेतलं तेवढंच.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. तुमच्यातल्या किती जणांना त्यांनी शाळेत नेलं, बाजाराला नेलं, सासरी सोडलं. पण त्यांच्या नोकरीत मला काय मिळालं, ते कोणी विचारलं का? मला मुक्कामी गाडी मिळाली. कळवणची मुक्कामी गाडी. संध्याकाळी जायचे, तिकडेच झोपायचे, सकाळी गाडी घेऊन परत. मी इकडे शोभाला घेऊन. सणाला गाडी, लग्नसराईला जादा गाडी, वणीची यात्रा आली की विचारूच नका. घरी आले की जेवायचे आणि झोपायचे. शोभा लहान असताना पाहुण्यांना सांगायची, "आमचे पप्पा कळवणला राहतात." आम्ही हसायचो. ती हसायची गोष्ट नव्हती.

त्यांच्या रस्त्याला एक तळं लागायचं. वळणावर, रस्त्याला अगदी खेटून. ड्रायव्हरची सीट उंच असते, त्यांना सगळं दिसायचं. एकदा घरी आले तर म्हणाले, "त्या तळ्यात कोपऱ्याला काहीतरी हिरवं धरलंय." मी म्हटलं, शेवाळ असेल. पुढच्या खेपेला म्हणाले, वाढलंय. मग म्हणाले, निम्मं तळं गेलं. मला काय घेणंदेणं? मी म्हटलं, तुम्ही पुढे बघून गाडी चालवा.

ती जलपर्णी होती. आज तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा आपल्या गावात कोणाला तो शब्दही माहीत नव्हता. ती आपल्याकडची नाहीच. दुसऱ्या देशातून कोणीतरी फुलासाठी आणली म्हणतात, जांभळं फूल सुंदर दिसतं म्हणून. बागेतून ती नदीत गेली, नदीतून कालव्यात, आणि मग थांबायचं नावच नाही.

मग एक दिवस त्या तळ्याकडेला एक वासरू चरत होतं. त्याला काय कळणार? समोर सगळं हिरवंगार, मैदानासारखं. ते चालत चालत त्या हिरव्यात गेलं. खाली पाणी. अण्णांनी गाडी थांबवली. कंडक्टर उतरला, चार प्रवासी उतरले, टपावरचा दोर काढला. पण त्या वेलींत पाय गुंततात, पोहताही येत नाही. वासरू वाचलं नाही. त्याची मालकीण काठावर उभी राहून म्हणत होती, "मला वाटलं गवत हाय. मला वाटलं गवतच हाय."

त्या दिवशी अण्णा घरी आले आणि जेवले नाहीत. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, "गाडी बंद केली ना, तेव्हा समजलं. त्या तळ्याला आवाजच नाही. एवढा वारा होता. पाणी वाजलंच नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी शेवटी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

तर, रिटायर झाले. मी म्हटलं, आता तरी माणूस घरात दिसेल. आणि त्याच वर्षी, मंडळी, ती आपल्या तळ्यात आली.

कशी आली? कोणी वाईट माणसानं आणली का? नाही हो. आपण आणली. देवाच्या नावानं आणली. आपली कावड जाते गोदावरीवर, आपण तिला गंगाच म्हणतो. पोरं अनवाणी जातात, खांद्यावर पाणी आणतात, मारुतीला अंघोळ घालतात. आणि उरलेलं पाणी आपण आपल्या तळ्यात सोडतो. गंगाभेट म्हणतो आपण त्याला. वर्षातून एकदा गंगेनं आपल्या तळ्याला भेटायला यायचं. किती चांगली रीत आहे! मला फार आवडते ती रीत, आजही आवडते.

पण खांद्यावरचं पाणी हिंदकळतं. आपण बायका डोक्यावर हंडा आणायचो, तेव्हा काय करायचो? वर लिंबाची डहाळी टाकायचो. पाणी सांडत नाही. पोरांनी तेच केलं. नदीत हाताशी जे हिरवं आलं ते घागरीत वर ठेवलं. फुगीर देठाचं, छान तरंगणारं, वर जांभळं फूल. गावात कावड आली तेव्हा सगळ्या बाया म्हणाल्या, काय गोड फूल आहे गं. मीसुद्धा म्हणाले. आरती झाली, अंघोळ झाली, आणि उरलेल्या पाण्यासोबत ते फूल गेलं तळ्यात. टाळ्या वाजवून सोडलं आपण.

पुढचा पावसाळा सरता सरता धुण्याच्या घाटाजवळचा कोपरा हिरवा झाला होता. अण्णा बांधावर उभे होते. मी धुणं घेऊन गेले तर मला म्हणाले, "ती इथंपण आली."

मग तुम्हाला आठवत असेल, आपण श्रमदान केलं. बॅनर लावला. पोहे केले. सगळं गाव पाण्यात उतरलं, फोटो निघाले. एका दिवसात कोपरा साफ! आणि काढलेली जलपर्णी टाकली कुठे? काठावर. पाण्यापासून दोन हातांवर. अण्णा ओरडत होते, "अरे लांब टाका, तोडू नका, तुकडे पाण्यात नका सोडू." कोण ऐकतंय! पोहे गार होत होते. त्या वेलीचा तुकडा पडला तरी त्याची नवी वेल होते. वरून पाऊस आला, तळं चढलं, आणि काठावरची सगळी परत पाण्यात गेली. महिन्याभरात पहिल्यापेक्षा जास्त.

मी सरपंचांना बोलत नाही, ते तेव्हा सरपंच नव्हते. मी कोणालाच बोलत नाही. पण दुसऱ्या श्रमदानाला किती जण आले? बोला की. आता खाली का बघता?

आम्ही दोघं आलो होतो.

द्राक्षवाल्यांकडून चार निळे ड्रम आणले, धुऊन घेतले, वर बांबू बांधले, त्यावर पुढे एक फळी आणि मागे एक फळी. झाला तराफा. मी म्हटलं, मला पोहता येत नाही. तर म्हणाले, "मला तरी कुठे येतं? ट्यूब घाल." या वयात कमरेला ट्यूब घालून बसले मी. तुम्ही बांधावरून हसायचात. "म्हातारा-म्हातारी नौकाविहाराला निघाली." मला ऐकू यायचं सगळं. पाण्यावरून आवाज लांब जातो.

मागच्या फळीवर अण्णा, वल्हं हातात. पुढच्या फळीवर मी. गाडी त्यांनी चालवायची, बघायचं आणि काढायचं मी. म्हणून मला म्हणायचे, कंडक्टर. वेल दिसली की मी ओरडायची, "टिंग!" सिंगल बेल म्हणजे थांबायचं. वेल अख्खी उचलायची, मुळासकट, तुकडा पडू द्यायचा नाही, टोपलीत ठेवायची. मग "टिंग टिंग." डबल बेल म्हणजे गाडी निघाली. टोपल्या भरल्या की तळ्याच्या भिंतीच्या पलीकडे न्यायच्या, जिथलं पाणी परत तळ्यात येत नाही. तिथे दगडावर पसरायची. मी उन्हाळ्यात कुरडया वाळवते ना, तशीच. अण्णा म्हणायचे, "हातात घेतली की कडकड वाजली पाहिजे. तोवर ती मेली म्हणायचं नाही."

सगळी निघाली. वेळ लागला, पण निघाली. मग तुम्ही म्हणालात, आता कशाला जाता रोज? जायचं, कारण तिचं बी गाळात पडून राहतं. वर्षानुवर्षं राहतं. पाणी उतरलं, ऊन लागलं की उगवतं. तेव्हा ते बोटाएवढं असतं. बोटाएवढं असताना काढलं तर एका हाताचं काम. राहू दिलं तर पूर्ण तळं. म्हणून फेरी मारायची. काहीच मिळालं नाही तर तो चांगला दिवस.

आणि मंडळी, आता जे बोलते ते जरा घरातलं आहे. माझा संसार त्या तराफ्यावर झाला. घरात नाही झाला. घरात तर ते मुक्कामी होते. तराफ्यावर आम्ही बोललो. कळवणला डेपोत रात्री थंडी कशी वाजायची, ते मला तिथे कळलं. शोभाच्या जन्माच्या वेळी ते गाडीवर होते आणि दर स्टँडवर उतरून घरचा निरोप आलाय का ते विचारत होते, तेपण तिथेच कळलं. माझं तोंड पुढे, त्यांचं पण पुढे. मला त्यांचा चेहरा दिसायचा नाही. म्हणून बोलत असतील. समोरासमोर त्यांना कधी जमलं नाही.

लोकांनी नाव काय ठेवलं? चेकर अण्णा. ते का, ते पोरांना माहीत नसेल. तळं साफ झालं, त्याच्या पुढच्या वर्षी कावड आली तेव्हा अण्णा देवळाच्या दारात एक कापड घेऊन उभे. हे बघा ते कापड. एसटीचं खाकी. गणवेशाचं मिळालेलं, शिवायचं राहून गेलेलं. कोरं होतं, धुऊन आणलं होतं. म्हणाले, गंगाभेटीचं पाणी यातून गाळून तळ्यात सोडा. काय गोंधळ झाला! एक आजोबा काठी आपटून म्हणाले, "गंगा गाळतो का रे? गंगा काय घाण हाय का?" अण्णा म्हणाले, "गंगा घाण नाय, बाबा. गंगेसोबत बिनतिकिटाचं कोण आलंय तेवढं बघतो." आधी सगळे चिडले. मग कोणीतरी फसकन हसलं. आणि गाळलं पाणी. त्या कापडावर काय काय निघालं, ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. मोहरीपेक्षा बारीक बी होतं.

मासे धरायला ठेकेदाराची माणसं यायची, त्यांची जाळी दुसऱ्या धरणातून ओली तशीच टेम्पोत टाकून आणलेली. अण्णा टेम्पोपुढे जाऊन उभे राहायचे. "आधी धुवा, मग उन्हात वाळवा, मग तळ्यात घाला." ते म्हणायचे, "काका, टाइम नाय." हे म्हणायचे, "मी पण टाइमावरच गाडी नेली आयुष्यभर. पण चाकं तपासल्याशिवाय नाही नेली." जाळी वाळेपर्यंत त्यांना आमच्या ओट्यावर बसवायचे आणि चहा मी करायचा. शहरातून कोणी काचेच्या पेटीतले मासे सोडायला आणायचं. पुण्य मिळतं म्हणून. त्यांनाही चहा. त्या परक्या माशांनी आपले मासे, आपल्या माशांची अंडी संपवली असती, हे समजावून ती पेटी परत द्यायची. आमच्या घरचं निम्मं दूध ह्यांच्या चेकिंगमध्ये गेलं.

मग ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. नाशिकला नेलं. शोभाचं घर सिडकोत, दवाखाना तिथून जवळ. मी दिवसभर उशाशी. नळ्या लावलेल्या, बोलायला त्रास होत होता. तरी मला विचारलं, "तळ्यावर गेलीस का?" मी म्हटलं, मी इथे आहे ना, तुमच्याजवळ. तर डोळे मिटून घेतले. मला वाटलं, रागावले. मग म्हणाले, "एकटी नको जाऊस. मागं कोणीतरी पाहिजे."

एवढंच बोलले. शेवटचं, मोठं काहीतरी बोलतील असं मला वाटत होतं. बोलले नाहीत. मागं कोणीतरी पाहिजे, एवढंच.

मी त्यांचं ऐकलं नाही. सुतकात घराबाहेर पडायचं नसतं, तरी परवा पहाटे उजाडता उजाडता गेले. शोभा झोपली होती. तराफा सोडला. माझ्या नेहमीच्या जागेवर बसले, पुढे. मागे बसवेना हो. ती त्यांची जागा. पुढे बसून एका हातानं वल्हं मारलं. तराफा पुढे जाईना. तो तिथल्या तिथे गोल फिरायला लागला. दुसऱ्या बाजूनं मारलं, उलटा फिरला. मी "टिंग टिंग" म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. मागून कोणी वल्हं मारलं नाही. मला माहीत होतं मागे कोणी नाही. तरी मान वळवून बघायचा धीर होईना. मागच्या बाजूला वजन नव्हतं ना, म्हणून माझी बाजू पाण्यात दबत होती आणि पाय भिजत होते. तेवढंच समजत होतं.

शोभा म्हणते, आई, चल नाशिकला. बॅग भरून ठेवली आहे तिनं माझी. तिचं बरोबर आहे. एकटी बाई, काय करणार इथे?

आता ज्या गोष्टीसाठी उभी राहिले ती सांगते.

हा कलश बघा. अण्णांच्या फोटोशेजारी ठेवलेला. योगेश, बाळा, तू उठू नकोस, तुला बोलणार नाहीये मी. हा योगेश, आपल्या कावडीच्या पोरांचा म्होरक्या. अस्थी घेऊन हीच पोरं रामकुंडावर गेली. माझा मुलगा असता तर त्यानं केलं असतं तसं सगळं केलं यांनी. आणि येताना कलश भरून गंगा आणली. का आणली? अण्णांच्या नावानं गंगाभेट करायची म्हणून. ज्या माणसानं तळं सांभाळलं, त्याच्या नावानं तळ्यात गंगा सोडायची. सभा संपली की सगळ्यांनी मिळून घाटावर जायचं, असं ठरलं आहे. मला कळलं तेव्हा मी रडले. आनंदानं रडले. ह्यांना इतका मान कोणी दिला नव्हता.

मग मी कलशावरचा रुमाल बाजूला केला.

पाणी हिंदकळू नये म्हणून पोरांनी येताना वाटेत नदीकाठी जीप थांबवली आणि हाताशी आलं ते हिरवं वर ठेवलं. फुगीर देठाचं. छान तरंगणारं. फूलही होतं, ते आता सुकलं. पण इकडे या, बघा. दहाव्याला आणलेलं, तेव्हापासून देवळात बंद. कलशात माती नाही, ऊन नाही. आणि तिला नवं पान फुटलं आहे. हे बघा, बाजूनं एक पिल्लूही धरलं आहे.

पोरांना ओळखू आली नाही. कशी येईल? त्यांनी आपल्या तळ्यात ती कधी पाहिलीच नाही. ते लहान होते तेव्हा आम्ही ती काढली. अण्णांनी काम इतकं नीट केलं की पोरांना ती वेल दिसायला कशी असते हेच माहीत नाही. यात पोरांचा काय दोष?

योगेश, रडू नको. बस खाली.

मंडळी, हा कलश तळ्यात जाणार नाही. मी अण्णांची बायको आहे, मी सांगते. कोणाला वाटेल, काकूंनी नवऱ्याच्या नावाची गंगा नाकारली. वाटू दे. मी गंगा नाकारत नाही. हे पाणी आपण या खाकी कापडातून गाळू, आणि भिंतीच्या पलीकडे चिंचेच्या बुंध्याला घालू. अण्णा दुपारी तिथे टेकायचे. त्यांच्या डोक्याजवळ गंगा पोचली म्हणायची. कापडही तळ्यात धुवायचं नाही, उन्हात टाकायचं. आणि ही वेल त्या दगडावर ठेवायची. कडकड वाजेपर्यंत. योगेश, ती तू ठेवायची, तुझ्या हातानं. आणि रोज जाऊन बघायचं, वाजते का. म्हणजे पुढच्या कावडीला तू ती लांबूनही ओळखशील. घागरीत वर काय टाकायचं? लिंबाची डहाळी. ती आपल्याच दारातून घेऊन जा.

एवढं कराल ना? हात वर नका करू. श्रमदानाच्या मीटिंगलाही सगळ्यांनी हात वर केले होते.

आणि दुसरं. शोभा, तू वाईट वाटून घेऊ नको. मी नाशिकला येणार नाही. बॅग सोड. तुझ्या घरी सगळं आहे. पण तिथे मी काय बघू? मला बघायचीच सवय लागली आहे, पाण्याकडे, पुढे, डोळे बारीक करून. उद्या सकाळी मी तराफा सोडणार आहे. उद्याच का? कारण हे आजारी पडल्यापासून फेरी झालेली नाही, आणि तळं उतरायला लागलं आहे. गाळ उघडा पडला की बी जागं होतं. घाटाच्या कोपऱ्यात काय उगवलं असेल, देवालाच माहीत.

मागची फळी रिकामी आहे. मला पगार देता येणार नाही. चहा देईन. माझी बडबड ऐकावी लागेल. मागे बसणाऱ्याचा चेहरा मला दिसत नाही, त्यामुळे त्याला काय बोलायचं ते त्यानं बोलावं, मी वळून बघणार नाही. कोणी नाही आलं तर मी एकटी जाईन. तराफा गोल फिरेल. फिरू दे.

बस. फार बोलले. आता उभे राहा सगळे.

आपण त्यांच्यासाठी थोडा वेळ गप्प उभं राहणार आहोत. पण नुसतं गप्प नका राहू. कान द्या. अण्णा म्हणाले होते ना, त्या तळ्याला आवाजच नव्हता. आपल्या तळ्याला आहे. इथून घाट दहा पावलांवर आहे आणि वारा सुटलाय. पाणी पायरीवर वाजतं आहे, चुळुक चुळुक. इतकी वर्षं आपण इथे राहिलो, आणि ते कधी ऐकलंच नाही, कारण ते होतंच. ते ऐका. आज त्यांचं मागे राहिलेलं तेवढंच आहे.

मोबाइल बंद करा. पोरांना उचलून घ्या.

अण्णा, तुमच्या कंडक्टरचा नमस्कार. कळवणची गाडी नाहीये ही, सकाळी परत यायची. मला कळतंय.

देवळाची घंटा मी एकदा वाजवते. सिंगल बेल. थांबायचं.

डबल बेल मी देणार नाही. मागच्या फळीवर ज्याला बसायचं असेल, त्यानं ती द्यायची. तोवर आपण उभे राहू.